कुंपणी, कंपनी आणि मंडळी

इंग्रज गेला, पण जाताना आपले काही शब्द आपल्या ओसरीवर ठेवून गेला. त्यांतले बहुतेक शब्द गरीब स्वभावाचे आहेत. तिकीट म्हटले की तिकीट, बटण म्हटले की बटण. त्यांना दुसऱ्या अर्थाची हाव नाही. परंतु एक शब्द असा आहे, की तो ज्या घरात जातो त्या घरचा होऊन बसतो. वधूपित्याला विचारा, "जावई काय करतात?" तो समाधानाने सांगेल, "कंपनीत आहेत." इतिहासाचे पुस्तक उघडा, तेथे कंपनी सरकार आहे. नाटकाच्या गप्पा निघाल्या की जुनी माणसे गंधर्व कंपनीपाशी येऊन थांबतात. सुटीवर आलेला जवान आपल्या कंपनीच्या सुभेदाराच्या गोष्टी सांगतो. आणि एकट्याने चहा प्यायचा कंटाळा आलेला शेजारी हाक मारतो, "या हो, जरा कंपनी द्या!"

कारखाना, सरकार, नाटकमंडळी, फौजेची तुकडी आणि नुसती सोबत, असे पाच अर्थ या एका नामाला आपणच दिले आहेत. वर्गात इंग्रजी शिकवताना हा शब्द आला की मुले हटकून विचारतात, "गुरुजी, यांतला खरा अर्थ कोणता?" मी त्यांना सांगतो, की शब्दाला खरा अर्थ नसतो, वय असते, आणि माणसाप्रमाणेच वाढत्या वयाबरोबर तोही निरनिराळे धंदे करून पाहतो. या शब्दाने केलेले धंदे मोठे मौजेचे आहेत, आणि त्यांतल्या एका धंद्याची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांनी मोजलेली आहे. म्हणून दिवाळीच्या या निवांत दिवसांत त्याची जन्मपत्रिका मांडून पाहावी असे वाटले.

जन्म झाला तो भाकरीच्या टोपलीत. लॅटिन भाषेत ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर आपण पाव मोडून खातो तो ‘कंपॅनिअन’, आणि अशा सहभोजनी माणसांचा मेळा म्हणजे कंपनी. ही कल्पना लॅटिनाआधी जर्मानिक भाषांत होती असे दिसते. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात सोबत्याला जो शब्द आहे त्याचाही अर्थ ‘एका पावाचा’ असाच होतो. युरोपातल्या त्या थंड मुलखात माणसाची ओळख पावावरून पटत असावी. इंग्रजीतला ‘लॉर्ड’ हा शब्द मुळात ‘पावाचा राखणदार’ आणि ‘लेडी’ म्हणजे ‘पीठ मळणारी’! आपण धन्याला अन्नदाता म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि हा ‘पानिस’ आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे पोर्तुगीज रूप ‘पाँव’. ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि आपल्या तोंडी ‘पाव’ झाले. म्हणजे सकाळी कंपनीच्या भोंग्यावर धावणारा मुंबईकर कामगार डब्यात वडापाव घेऊन जातो, तेव्हा एकाच लॅटिन आजीची दोन नातवंडे, एक डब्यात आणि एक फाटकावरच्या पाटीवर, समोरासमोर येतात. एक पोर्तुगीजांच्या गलबतातून आले, दुसरे इंग्रजांच्या. एकमेकांना ती ओळखतही नाहीत.

एका पावावर जगणारी माणसे पहिल्याने भेटतात ती फौजेत. त्यामुळे कप्तानाच्या हाताखालची तुकडी म्हणजे कंपनी, हा अर्थ फार जुना. येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या फिरंगी सरदाराने जे कवायती कंपू उभे केले, तो कंपू या कंपनीचाच भाऊ काय? नव्हे. कंपू आला ‘कांपो’पासून, म्हणजे छावणीच्या मैदानापासून. दोघांचे तोंडवळे सारखे, पण कुळी वेगळी. आज कंपू म्हटले की आपल्याला सभेत मागच्या बाकावर बसून कुजबुजणारे चार लोक आठवतात. शब्दांचीही अशी घसरण होते.

फौजेतून हा शब्द बाजारात गेला. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी भाऊ, चुलतभाऊ आणि मेहुणे मिळून पेढी काढीत, तिला ‘कंपान्या’ म्हणत. जोखीम साऱ्यांची, तेव्हा बुडाले तर सारेच बुडत. बार्दी आणि पेरुत्सी या तेथल्या दोन बलाढ्य पेढ्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला त्यांनी लढायांसाठी भरमसाट कर्जे दिली. राजाने ती फेडली नाहीत. १३४३ साली पेरुत्सी बसली आणि १३४६ साली बार्दी. राजाला कर्ज देऊ नये हा धडा व्यापाऱ्यांनी त्या वेळी घेतला. राजालाच कर्जदार करून त्याचे राज्य घ्यावे, ही युक्ती सुचायला अजून चारशे वर्षे होती.

लंडनमध्ये कंपनी म्हणजे एकेका धंद्याची पंचायत. सोनारांची कंपनी, मासळीवाल्यांची कंपनी, शिंप्यांची कंपनी. आपल्या बारा बलुत्यांप्रमाणे त्यांच्यातही मानपानाचे तंटे पेटत. कातड्याचे व्यापारी पुढे चालणार की शिंपी, यावरून एकदा भांडण विकोपाला गेले. १४८४ साली नगराच्या मेयरने निवाडा दिला, की एका वर्षी हे पुढे, दुसऱ्या वर्षी ते. आणि दरवर्षी दोघांनी एकमेकांना आपापल्या दिवाणखान्यात जेवायला बोलवावे! शब्दाचा मूळ अर्थ त्या मेयरला ठाऊक असो वा नसो, त्याने तंटा मिटवला तो पंगतीनेच.

यानंतरची कंपनी आपल्या ओळखीची. ३१ डिसेंबर १६०० या दिवशी एलिझाबेथ राणीने लंडनच्या दोनशेहून अधिक व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. सनदेत मुदत होती पंधरा वर्षांची. गव्हर्नर आणि व्यापाऱ्यांची कंपनी असे तिचे लांबलचक नाव होते, आणि त्यात कंपनी हा शब्द जुन्या, साध्या अर्थानेच घातलेला होता: एकत्र आलेली माणसे.

सुरतेच्या वखारीत तो अर्थ काही काळ जिवंतही होता. तेथे प्रेसिडेंटापासून नवशिक्या कारकुनापर्यंत सगळे एका मेजावर, दर्जाच्या क्रमाने बसून जेवत. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने १६९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या मेजवान्यांचे रसभरित वर्णन केले आहे. स्वयंपाकी तीन जातींचे: इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी. घरापासून हजारो कोस दूर, तापीकाठच्या उकाड्यात ही माणसे एका पावावर जगत होती. मात्र त्या मेजावर या देशाचा माणूस होता तो वाढणारा.

आपल्या लोकांनी या शब्दाला आपले वळण दिले आणि ‘कुंपणी’ केले. पुढे ‘कुंपणी सरकार’ आणि ‘कुंपणी बहादूर’ही आले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने कुंपणीचा कुंपणाशी काडीचा संबंध नाही. परंतु कुंपणच शेत खाते ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेने नेमका हाच उच्चार पसंत करावा, यात काही शहाणपण असावे असे मला नेहमी वाटते.

ते शहाणपण आपल्याकडे होतेही. १६६१ साली शिवाजीमहाराजांनी राजापूरच्या इंग्रज वखारीवर हात टाकला, तो वखारवाल्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहराला तोफांची मदत केली म्हणून. व्यापारी म्हणून आलेला माणूस तोफ डागू लागला, की तो व्यापारी राहत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. १६७४ साली राज्याभिषेकाला रायगडावर हेन्री ऑक्झेंडन आला, तो कंपनीचा वकील म्हणून. महाराजांनी त्याच्याशी तह केला, सवलती दिल्या. पण शिक्का आपला चालवला.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात टोपीकरांवर जे लिहिले आहे ते वाचून आजही थक्क व्हायला होते. इतर सावकार हे केवळ सावकार, पण या टोपीकरांच्या मागे त्यांचे राजे आहेत. त्यांच्या हुकमाने हे व्यापारास येतात, आणि राज्य करणाऱ्याला भूमीचा लोभ नाही असे कधी होते काय, असा अमात्यांचा आशय. त्यांना वखारीस जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या वा समुद्राच्या मुखापाशी देऊ नये, असा इशाराही आहे. ‘कंपनी’ या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या त्या काळी लंडनमध्येही कोणी केली नसेल.

परंतु शहाणपण कागदावर राहिले. १७५७ साली प्लासी झाली, १७६५ साली बंगालची दिवाणी गेली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी, राणीच्या सनदेला दिवसाच्या हिशेबाने बरोबर दोनशे दोन वर्षे झाली असता, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. सहा हजार कंपनीच्या पायदळाची तैनाती फौज पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. कुंपण बांधले, आणि कुंपणाचा खर्च म्हणून शेतच दिले. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जेमतेम पंधरा वर्षांत शेत संपले होते.

आता शब्दाची गंमत पाहा. १८१३ साली हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता कंपनीकडून गेला. १८३३ च्या कायद्याने तिला व्यापार करायचीच बंदी झाली. म्हणजे पुढची चोवीस-पंचवीस वर्षे या देशावर राज्य करणारी कंपनी एक पैशाचाही व्यापार करीत नव्हती. दुकान नाही, माल नाही, गिऱ्हाईक नाही, पण भागीदार मात्र होते, आणि त्यांना दरसाल साडेदहा टक्के नफा मिळत होता. तो कोठून? हिंदुस्थानच्या वसुलातून. तो शेतकऱ्याच्या सारातून निघे, आणि घेणाऱ्याने तो शेतकरी कधी पाहिलेला नसे. १८५८ साली राज्य राणीकडे गेले, तरी नफ्याची वाटणी चालूच राहिली. १ जून १८७४ रोजी कंपनी कायद्याने विसर्जित झाली, तेव्हा कुठे ती टळली.

पण एक कंपनी मरण्यापूर्वी शंभर जन्माला आल्या होत्या. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, ती एका कंपनीची. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायचे ठरवले, तीही कंपनी म्हणूनच. मग अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेने आपल्या कापसाला सोन्याचा भाव दिला. त्या पैशाचे काय करावे हे मुंबईकरांना कळेना, म्हणून त्यांनी कंपन्या काढल्या. समुद्र भरून जमीन करणारी बॅक बे कंपनी त्यांत गाजली. प्रेमचंद रायचंद हा त्या खेळाचा राजा. १८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, आणि घरोघरी नुसते शेअरचे कागद उरले.

समानार्थी शब्द येथेच कामाला येतात. विद्यार्थ्यांना मी सांगतो, की कोशात शेजारी बसलेले शब्द एका ताटात जेवत नाहीत. ‘फर्म’ या शब्दाचे मूळ सहीत आहे. इटालियन भाषेत ‘फिर्मा’ म्हणजे सही. ज्याने सही केली त्याचा शब्द पक्का, तो फर्म. ‘कॉर्पोरेशन’मध्ये लॅटिन ‘कॉर्पस’, म्हणजे देह आहे. अनेक माणसे मिळून कायद्याने एक देह धारण करतात. ‘पार्टनरशिप’मध्ये वाटा आहे. आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे मुळात कारखाना नव्हेच. कंपनीचा फॅक्टर, म्हणजे गुमास्ता, जेथे राहतो ती आपली वखार. सहीचा शब्द, देहाचा शब्द, वाट्याचा शब्द, गुमास्त्याचा शब्द. जेवणाचा शब्द एकटा कंपनी.

आपल्या मराठीने तिला प्रतिशब्द दिला तो मला सर्वांत गोड वाटतो: मंडळी. जुन्या पुस्तकांवर ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ असे प्रकाशकाचे नाव दिसते. इंग्रजी ‘अँड कंपनी’चा हा घरगुती अवतार. आपल्याकडे मंडळी म्हणजे व्यापारी भागीदार, मंडळी म्हणजे आलेगेलेले लोक, आणि नवऱ्याने हळूच म्हटले तर मंडळी म्हणजे बायको! "यंदा मंडळींना घेऊन या," या आमंत्रणात कोण येणार हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

नाटकवाल्यांनी पाट्यांवर ‘मंडळी’ लिहिले आणि लोकांनी त्यांना ‘कंपनी’ म्हटले. अण्णासाहेब किर्लोस्करांची मंडळी १८८० ची, बालगंधर्वांची १९१३ ची. माझ्या मते कंपनीचा मूळ अर्थ या देशात कोणी पाळला असेल तर या नाटक कंपन्यांनी. गावोगाव एक बिऱ्हाड, एक कोठी, एक आचारी, आणि राजा झालेल्या नटापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत साऱ्यांची जेवणे त्याच चुलीवर. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या एका रात्रीपुरती एक कंपनी झाल्या. पुढे १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली, तीही याच वळणाची.

तथापि नुसते गोड गोड लिहून चालायचे नाही. ज्या समाजात कोणी कोणाबरोबर जेवायचे हे जन्मानेच ठरत होते, त्या समाजाला हा शब्द मुळातून कळणार तरी कसा? १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी ती यादी वर्तमानपत्रात छापून आणली, आणि सगळे पुणे पेटले. टिळक आणि रानडे या दोघांचीही नावे त्यात होती. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. न्यायमूर्ती रानड्यांनाही शेवटी ते घ्यावे लागले. एका पेल्यावरून एवढे!

त्याच महाराष्ट्रात काही वर्षांनी कोल्हापूरचे शाहूमहाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलपुढे आपली गाडी थांबवीत, अस्पृश्य मानलेल्या त्या माणसाच्या हातचा चहा मागवीत, आणि बरोबरच्या बड्या अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावीत. पंचहौदाच्या चहाने मंडळी फोडली, कांबळ्यांच्या चहाने ती जोडली. कंपनी या शब्दाचा मराठी अर्थ लावायचा झाला, तर मी तो या दुसऱ्या पेल्यातून लावीन.

इकडे कायद्याने मात्र शब्दाला उलट्या दिशेने चालवले. लंडनचा आरन सॉलोमन हा जोडे तयार करणारा व्यापारी. कंपनीला सात जण लागत, म्हणून १८९२ साली त्याने स्वतः, बायको, मुलगी आणि चार मुलगे असे सात मोजून कंपनी केली. धंदा बुडाला तेव्हा देणेकरी म्हणाले, की कंपनी म्हणजे हाच माणूस. याच्याकडून वसूल करा. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की नव्हे, सॉलोमन निराळा आणि कंपनी निराळी. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. फ्लॉरेन्सच्या भावांप्रमाणे आता सारे बुडत नाहीत. बुडते ती कंपनी. आणि २०१३ च्या आपल्या कायद्याने तर एकाच माणसाची कंपनी करायलाही परवानगी दिली आहे. सहभोजनापासून निघालेला शब्द एकट्याच्या ताटापाशी येऊन पोहोचला!

त्याचा पडसाद माझ्यापर्यंतही येतो. १९६२ साली महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ झाले, ठिकठिकाणी वसाहती उठल्या, आणि ‘कंपनीत लागला’ हा गावातला मोठा आशीर्वाद झाला. माझा एक जुना विद्यार्थी तेथे ठेकेदाराकडून कामाला आहे. मागे भेटला तेव्हा मी कौतुकाने म्हटले, "कंपनीत आहेस ना रे?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही." व्याकरणात सप्तमी आणि षष्ठी यांतला फरक मी वीस वर्षे शिकवतो आहे, इतका स्पष्ट मला तो कोणी करून दाखवला नव्हता.

एक शेवटची नवलाई सांगतो. आपल्याकडे सोबतीला साथ म्हणतात. भाषेचे जाणकार या ‘साथ’चे मूळ संस्कृत ‘सार्थ’ या शब्दात शोधतात, आणि सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. इंग्रजांचा शब्द जेवणातून निघून व्यापारात गेला. आपला व्यापारातून निघून सोबतीत आला. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट उतरणाऱ्या त्या तांड्यातले व्यापाराचे अंग गळून गेले आणि वाटेवरचा सोबतीपणा तेवढा भाषेत उरला. गवयाला तबल्याची साथ, म्हाताऱ्याला नातवाची साथ. आणि गावभर पसरणारी तापाची साथ, तीही एकाबरोबर एक चालणारीच.

त्या काळी आपल्याकडेही धंद्याच्या संस्था होत्या, त्यांना श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापणे ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे, अशी अट आहे. राजघराण्यातला एवढा मोठा माणूस विणकरांच्या मंडळीवर अशा कायमच्या ठेवीचा विश्वास टाकतो, आणि तो व्यवहार दगडात कोरून ठेवतो. त्या विणकरांची नावे शिलालेखात नाहीत. श्रेणीची पत तेवढी आहे.

इंग्रज गृहिणी घरी पाहुणे येणार असले की सांगते, आज आमच्याकडे कंपनी आहे. हा अर्थ आपण उचललेला नाही. त्याची आपल्याला गरजही नव्हती, मंडळी होतीच. या दिवाळीत घरोघर मंडळी जमतील, चकल्या मोडतील, करंज्यांची ताटे शेजारच्या घरी जातील. एखादे ताट नेहमीच्या चार घरांपलीकडे, जेथे ते आजवर गेलेले नाही अशा दारीही जावे, आणि तेथले रिकामे परत न येता भरून यावे. या शब्दाच्या जन्माचा सारा इतिहास तेवढ्या एका ताटात मावतो.